देवबाग-तारकर्ली: वार नाही, तिथी बघून केलेली कयाक आणि डायव्हिंगची ट्रिप

गुरुवार

पहाटे साडेपाचला पुणं सोडलं. गाडीत तिघं, मी, माझा मामेभाऊ आणि ऑफिसातली एक मैत्रीण जिला पोहता येत नाही पण पाण्याखालचा एक फोटो पाहिजेच एवढ्या एका मुद्द्यावर ती सुट्टी टाकून आलेली. कोल्हापूरला मिसळ, मग राधानगरी, दाजीपूरचं जंगल, फोंडा घाट उतरून कणकवली, कसाल आणि तिथून मालवण. घाट उतरला तसे स्वेटर निघाले, कणकवलीत चक्क एसी लावला, डिसेंबरात.

आता गुरुवार ते बुधवार असली विचित्र ट्रिप का, तर देवबागात ज्यांच्याकडे उतरतो त्या काकांमुळे. काका आयुष्यभर मासेमारीच्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, होते, आता मुलगा बोट बघतो आणि काका-काकी घराच्या मागच्या खोल्या पाहुण्यांना देतात. बुकिंगला फोन केला, म्हणलं काका शुक्रवार-शनिवार-रविवार येऊ का, तर पलीकडून थेट, "वार कसले बगतास? तिथ बगून येवा."

आणि मग त्यांनी तो हिशोब सांगितला जो कोकणात किनाऱ्यावरच्या पोराटोरांना पाठ असतो. तिथीला पाऊणने गुणायचं, आला तो भरतीचा टाइम. म्हणजे अष्टमी असेल तर आठ गुणिले पाऊण, सहा. सकाळी सहाला भरती आणि संध्याकाळी पुन्हा सहा-साडेसहाला, मधे दुपारी बाराच्या सुमाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. मी मोबाइलवरच्या टाइड अॅपशी ताडून पाहिलं, वीसेक मिनिटांचा फरक येत होता फक्त. भरती रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते ना, तेच त्या पाऊणात बसवलंय कुणीतरी, कधीचं कुणास ठाऊक.

दुसरी गोष्ट अशी की पौर्णिमा-अमावास्येला उधाण, पाणी चढतं खूप नि उतरतं खूप, जोराने आत येतं, जोराने बाहेर जातं आणि तळाची सगळी वाळू-गाळ ढवळून काढतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाण्याची ये-जा कमी, त्यामुळे पाणी त्यातल्या त्यात नितळ. डायव्हिंगवाल्याला दुसरं काय पाहिजे. म्हणून षष्ठीला कयाक, अष्टमी-नवमीला डायव्ह असं ठरवून कॅलेंडरवर (लाल आकडे न बघता खालची बारीक अक्षरं वाचून) रजा टाकली. मॅनेजरला कारण सांगितलं नाही, सांगून पटलं नसतं.

रात्री देवबागात पोचलो तेव्हा एवढे दमलेलो की बांगड्याचं तिरफळ घातलेलं कालवण आणि भात खाऊन झोपलो. देवबाग म्हणजे जमिनीची चिंचोळी पट्टी, एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला कर्लीची खाडी. झोपताना एका खिडकीतून लाटांचा आवाज येतो आणि दुसऱ्या खिडकीतून काहीच नाही.

शुक्रवार, षष्ठी

भरती पहाटे साडेचारला होऊन गेलेली, त्यामुळे नाश्ता करून खाडीवर गेलो तर ओहोटी लागलेली आणि किनाऱ्याचा चिखल उघडा पडलेला. गुडघ्यापर्यंत लुगडी खोचलेल्या पाच-सहा बायका वाकून तिसऱ्या आणि खुबे वेचत होत्या. त्यांची पद्धत बघत बसलो, पायाच्या बोटांनी चिखलात चाचपायचं, कडक लागलं की हात घालायचा, खंगाळायचं, टोपलीत. दोन बोलण्यांच्या मधे दहा शिंपले. पलीकडे एक आजी खडकाला चिकटलेली कालवं कोयत्याच्या टोकाने उघडून आतला गर डब्यात घेत होती, भावाने म्हणलं आजी मी करून बघू का, आजीने त्याच्या हाताकडे बघितलं आणि नको म्हणाली. बरोबर होतं, ती कालवांची धार ब्लेडसारखी असते.

काकांच्या अंगणात माडाखाली एक जुनी लाकडी होडी पालथी टाकलेली. आपण ज्याला कनू म्हणतो, म्हणजे अरुंद, निमुळती, वल्ह्याने मारायची बोट, ती कोकणात कधीचीच आहे. फक्त तिला एका अंगाला उलांडी असते. होडीपासून थोड्या अंतरावर पाण्यात तरंगणारा हलक्या लाकडाचा ओंडका आणि त्याला होडीशी जोडणाऱ्या दोन आडव्या काठ्या. होडी अरुंद असली तरी उलांडीमुळे कलंडत नाही, जाळं ओढताना सगळा भार एका बाजूला आला तरी. "ही माज्या बापाशीची," काका म्हणाले, "तेच्या वक्ताक फायबर खय होता?" आता सगळीकडे फायबरच. लाकडाच्या होडीला दरवर्षी तेल पाजायचं, पावसाळ्यात शाकारून ठेवायचं, कोण करणार एवढं. पण रापणीला (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) अजून कुठे कुठे उलांडीची होडी दिसते, आणि ती दिसली की कयाक हा काहीतरी परदेशी साहसी प्रकार आहे हे ब्रोशरमधलं म्हणणं जरा गमतीशीर वाटायला लागतं.

दुपारी दोनला कयाक पाण्यात घातल्या. प्लॅन साधा, भरतीबरोबर खाडीत वर जायचं, पाच वाजता भरती पूर्ण झाली की पाणी घटकाभर थांबतं तेव्हा वळायचं आणि ओहोटीबरोबर परत. बरोबर काकांचा मुलगा. मैत्रीण डबल कयाकमधे माझ्या पुढे, लाइफ जॅकेटचे सगळे बक्कल तीन-तीनदा तपासून. पहिला अर्धा तास आम्ही दोघी गोल गोल फिरलो कारण ती डावीकडे मारतेय नि मीपण डावीकडे. मग लय जमली. पुढचा जो मारेल त्याच्याच बाजूने, त्याच्याच तालात मागच्याने मारायचं, दिशा मागच्याने सांभाळायची. दंडाने ओढायचं नाही, कमरेतून फिरायचं. एवढं कळलं की हात भरून येत नाहीत.

भाऊ सिंगल कयाकवर, जिमचा माणूस, तो तोंड वळवून मुद्दाम पाण्याच्या उलट मारून दाखवायला लागला. काठावरून काकांचा आवाज आला, "अरे झिला, पाण्याच्या इरुद्ध कित्याक मारतंस? पाणी नेता मां तुका!" आणि खरंच, पॅडल आडवं मांडीवर ठेवून बसलं तरी कयाक वर सरकत होती.

मुख्य पात्र सोडून आम्ही कांदळवनातल्या एका फाट्यात शिरलो. इथे सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि पुन्हा गेले तरी इथेच घालवीन. फाटा एवढा अरुंद की पॅडल उभं धरून ढकलत जावं लागतं, वर फांद्यांचं छत, आवाज फक्त पॅडलवरून गळणाऱ्या पाण्याचा. चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी श्वासमुळं वर आलेली. त्या चिखलात ऑक्सिजन नसतो म्हणून झाडं मुळं वर काढून हवा घेतात आणि भरती आली की ती बुडतात, मग पुढच्या ओहोटीपर्यंत तेवढ्यावर भागवायचं. काकांचा मुलगा झाडं ओळखून दाखवत होता, हे तिवर, पानाला मागून खारट लागतं बघा (लागतं, चाटून बघितलं), आणि ही चिप्पी. पांढरी चिप्पी हे २०२० पासून महाराष्ट्राचं राज्य कांदळवृक्ष आहे हे मला माहीत होतं, ती समोर उभी असताना ओळखता मात्र आली नसती. चिखलावर निवट्या, म्हणजे तो पाण्याबाहेर उड्या मारणारा डोळे वर आलेला मासा, आणि एक नांगी भलीमोठी असलेले लाल खेकडे, सगळे एकदम ती नांगी वरखाली करतात. आपण जवळ गेलो की क्षणात सगळे बिळात, पाच मिनिटं गप्प बसलो की एकेक बाहेर. खंड्या दोनदा डोक्यावरून गेला. मैत्रीण एक अक्षर बोलली नाही पाऊण तास, जे ऑफिसात कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल.

चारनंतर बाहेर पडून कोरजाईच्या बाजूला एका टपरीवर चहा-भजी. पाणी थांबल्याचं कसं ओळखायचं ते तिथेच बघितलं, प्रवाहात तरंगणारं नारळाचं सोडण मघापर्यंत वर वर जात होतं, ते एका जागी रेंगाळलं, गोल फिरलं, आणि दहा-पंधरा मिनिटांनी हळूच समुद्राकडे निघालं. आम्हीपण निघालो. परत येताना सहाच्या सुमाराला सूर्य गेला, देवबागचे दिवे लागले, पंधरा मिनिटं अंधारात मारावं लागलं तेवढंच. हेडटॉर्च न्या, आम्ही नेले होते.

शनिवार, सप्तमी

स्विमिंग पूलचा दिवस. माझं ओपन वॉटर सर्टिफिकेशन (स्कूबाचा पहिला पूर्ण कोर्स) आधी झालंय पण मधे बराच काळ गेलेला, म्हणून रिफ्रेशर घेतला आणि बाकी दोघांनी पहिल्यांदा तोंडात रेग्युलेटर, म्हणजे टँकमधली हवा देणारी नळी, धरला.

मालवणात स्कूबा म्हणजे नव्वद टक्के लोकांना काय मिळतं ते सांगते. बोटीतून किल्ल्याच्या मागे नेतात, मास्क लावतात, पाठीवर टँक, एक पोरगा तुमच्या टँकचा वरचा दांडा पकडून तुम्हाला दोन-चार मीटर खाली नेतो, तुमच्या हातात ब्रेडचा किंवा बिस्किटाचा तुकडा देतो, मासे गोळा होतात, व्हिडिओ होतो, वर. त्यातही मजा आहे, मी नाक मुरडत नाही, त्या पोरांचं पाण्यातलं कसब बघण्यासारखं असतं. पण ब्रेड घालणं वाईटच. ब्रेड माशांचं खाणं नाही, आणि सवय लागली की ते माणसाच्या बोटांना येऊन चावतात. शिवाय फोटोसाठी लोक खडकावर पाय देऊन उभे राहतात आणि तो खडक नसतो, प्रवाळ असतं. १९८७ मधे इथला २९.१२ चौरस किलोमीटरचा पट्टा मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालाय. आमच्या आधी एका बोटीवर ब्रीफिंग म्हणून जे चाललं होतं ते ऐकलं, "घाबरायचं नाय, तोंडाने श्वास घ्या, चला." संपलं. अशा बोटीवर चढू नका, कितीही स्वस्त असूदे.

त्यामानाने तारकर्लीत शिस्तीत कोर्स होतात, एमटीडीसीची (राज्य पर्यटन महामंडळाची) इसदा म्हणून स्कूबा शिकवणारी संस्था आहे, पूल आहे. इथे आमच्या इन्स्ट्रक्टरने दीड तास नुसतं बोलून घेतलं, मेडिकल फॉर्म भरून घेतला (दमा आहे का, कानाचं ऑपरेशन झालंय का, सर्दी आहे का, खोटं लिहू नका), आणि मग पाण्यात. त्यातलं मुख्य एवढंच की श्वास कधीही रोखायचा नाही. का, तर समुद्रात दहा मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो, आणि तिथे छातीत भरून घेतलेली हवा श्वास रोखून वर आणली तर ती फुगून दुप्पट जागा मागते. फुप्फुसात तेवढी जागा नसते. दुसरं म्हणजे कान. खाली जाताना नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, दर मीटरला, दुखायच्या आधी. दुखायला लागल्यावर जोर लावून फुंकायचं नाही, थोडं वर यायचं आणि पुन्हा. तिसरं खुणा. अंगठा वर म्हणजे मस्त असं नाही, अंगठा वर म्हणजे मला वर जायचंय. सगळं ठीकला अंगठा नि तर्जनीचं वर्तुळ. भावाने पहिल्या मिनिटाला खुशीत अंगठा दाखवला आणि इन्स्ट्रक्टरने त्याला गंभीरपणे वर नेऊन ठेवलं, असं चारदा झालं, पाचव्यांदा लक्षात राहिलं.

मैत्रिणीचा प्रॉब्लेम वेगळा होता, मास्कमधे पाणी शिरलं की तिचा श्वास अडकायचा. नाकाजवळ पाणी लागलं की शरीर आपोआप श्वास बंद करतं, त्याला ती काय करणार. इन्स्ट्रक्टर शांत माणूस, त्याने तिला कमरेएवढ्या पाण्यात उभं करून मास्कशिवाय नुसतं तोंडाने रेग्युलेटरमधून श्वास घ्यायला लावला, चेहरा पाण्यात, पंधरा मिनिटं, दुसरं काही नाही. मग मास्क अर्धा भरायचा, वरची कड कपाळाला दाबायची, नाकाने फुंकायचं, पाणी खालून बाहेर. संध्याकाळपर्यंत ती हे आम्हाला शिकवायला लागली.

परत जाताना त्सुनामी आयलंडला चक्कर मारली. २००४ च्या त्सुनामीनंतर हा वाळूचा उंचवटा वर आला असं सांगतात. जेट स्की, बनाना राइड, बंपर, भोंगे, वडापाव. भरतीला बेट पाण्याखाली जातं आणि गुडघाभर पाण्यात टेबलं मांडून लोक मॅगी खात बसलेले असतात. वीस मिनिटांत निघालो.

रविवार, अष्टमी

सहाला भरती पूर्ण, सातला आम्ही बोटीवर. भरतीचं स्वच्छ पाणी समुद्राकडून आत आलेलं असतं, ओहोटीचं पाणी खाडीतला गाळ घेऊन येतं, म्हणून भरती संपता संपता उतरायचं. नऊनंतर आलेल्या बोटींना आमच्यापेक्षा निम्मं दिसलं असणार.

बोटीवर सगळ्यांनी लाइफ जॅकेट घातली का हे खलाशाने स्वतः ओढून बघितलं. याबद्दल कुरकुर करणारे लोक असतात, त्यांच्यासाठी, २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीला स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट किनाऱ्याजवळ उलटली आणि दोन जणांचा जीव गेला. पाणी किती खोल आहे त्यावर नसतं ते.

सिंधुदुर्गाच्या पश्चिमेला नांगर टाकला. इथे एक गोष्ट पहिल्यांदा नीट डोक्यात शिरली. शाळेत आपण शिकतो की महाराजांनी कुरटे बेट निवडलं, २५ नोव्हेंबर १६६४ ला पायाभरणी, आणि बेटाभोवतीचे बुडालेले खडक शत्रूच्या गलबतांना जवळ येऊ देत नाहीत. वाटा फक्त माहीतगाराला माहीत. तर हे बुडालेले खडक म्हणजेच आजचे डायव्ह पॉइंट. मोठी बोट इथे आजही मनात येईल तशी घुसत नाही, आमचा तांडेल किल्ल्याचा एक बुरूज आणि किनाऱ्यावरचं एक झाड एका रेषेत धरून आत शिरला. त्याच खडकांच्या कपारीत मासे.

"ताई, आज पाणी बरा असा," एवढं म्हणून माझ्याबरोबरचा डायव्हिंगवाला पोरगा पाठीवर मागे कोलमडला आणि पाण्यात गेला. मी मागोमाग. पाच मीटरवर तळ, मग उतार, आठ-नऊपर्यंत. सहा-सात मीटर लांबचं दिसत होतं, अंदमान-लक्षद्वीपच्या मानाने काहीच नाही, मालवणच्या मानाने उत्तम. हे आधीच डोक्यात धरून जा, नाहीतर यूट्यूबवरचं निळंशार पाणी शोधत बसाल. इथलं पाणी हिरवं आहे. जरा खाली गेलं की लाल रंगच उरत नाही, माझं लाल घड्याळ मातकट दिसत होतं, टॉर्च मारला की पुन्हा लाल.

पोपटमासा चोचीने खडक खरवडतो त्याचा आवाज येतो पाण्यात, कुरूम कुरूम. तांबोशीचा छोटा थवा. कपारीत एक गोब्रा, तोंड उघडून, तिथून हलायचं नाही असं ठरवलेला. पण सगळ्यात भारी एक काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा मासा, सार्जंट मेजर म्हणतात त्याला, पंजाएवढा. मी एका खडकाजवळ गेले तर हा थेट माझ्या मास्कवर धावून आला. मागे सरकले, तो परत गेला. पुन्हा जवळ, पुन्हा हल्ला, काचेवर टक्. मग टॉर्च मारून बघितलं तर खडकावर तळहाताएवढा जांभळट डाग, मखमलीसारखा, अगदी जवळून बघितलं तर बारीक बारीक दाणे. अंडी. या माशांत अंडी राखायचं काम बापाचं. तो पंखांनी त्यांच्यावर पाणी वारत होता, मधेच एखादं खराब अंडं तोंडाने उचलून फेकत होता, आणि बाजूला दुसऱ्या जातीचे पाच-सहा छोटे मासे टपून बसलेले, की हा कधी बेसावध होतो. म्हणजे मी त्याला पिटाळायला लावत होते तेवढ्या वेळात त्याची अंडी जात होती. लगेच लांब झाले. ब्रेड टाकून मासे जमवणाऱ्यांनी असं काही कधी बघितलंच नसणार, सगळे मासे ब्रेडवर असतात.

सिलेंडर दोनशे बारवर (बार म्हणजे हवेच्या दाबाचं माप) सुरू होतो, पन्नास उरले की बोटीवर असायचं. वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबलो, तेवढ्यात वरून दुसऱ्या एका बोटीची सावली गेली.

मैत्रीण आणि भाऊ दुसऱ्या फेरीत, एकेका इन्स्ट्रक्टरबरोबर. मैत्रीण चार मीटरवर गेली, मास्कमधे पाणी शिरलं, तिने कड दाबली, फुंकलं, पाणी बाहेर, इन्स्ट्रक्टरला वर्तुळ. मी वरून स्नॉर्केल लावून बघत होते. फोटो निघाला. फोटोत तिचे केस असे झालेत की ती तो कुठेच टाकणार नाही म्हणते.

दुपारी काकींच्या हातचे कोंबडी-वडे. मी ताट घेऊन आधीच बसले तर, "गे बाय, वायच दम धर, वडे तळतंय." सोलकढी किती प्यायलो विचारू नका. झोप.

सोमवार, नवमी

आज फक्त मी आणि भाऊ. निवतीच्या बाजूच्या खडकांकडे, म्हणजे वेंगुर्ला रॉक्स, ज्यावर दीपगृह आहे. बोटीने बराच वेळ लागतो आणि वारा असेल तर जातच नाहीत, तो निर्णय तांडेलचा, त्यात हुज्जत घालू नये. वाटेत डॉल्फिन दिसले, भोगवेच्या समोर, आमच्याकडे लक्ष न देता गेले.

या खडकांच्या गुहांत पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे, लाळेने घरटी करणाऱ्या. बेटावर उतरायचं नाही, लांबूनच. बोट थांबली तेव्हा शेकडो पाकोळ्या आत-बाहेर करत होत्या.

पाणी इथे वेगळंच. खोल, थंड, आणि बऱ्यापैकी लांबचं दिसणारं. मी सोळा मीटरपर्यंत गेले (ओपन वॉटरची मर्यादा अठरा), भाऊ इन्स्ट्रक्टरबरोबर वरच्या टप्प्यात, पहिल्या-दुसऱ्यांदा करणाऱ्यांना बारा मीटरच्या खाली नेत नाहीत. मोठे मोठे धोंडे एकावर एक, मधे बोळ, बोळात प्रवाह. बांगड्यांचा थवा वरून गेला तेव्हा उजेड कमी-जास्त झाला. एक पाकट वाळूत अंग पुरून पडलेला, फक्त डोळे बाहेर. प्रवाह धरून पोहायचं आणि परतीला खडकाच्या आडोशाने यायचं, खाडीत कयाक मारताना जे केलं तेच इथे फिन्सनी. उलट मारलं तर हवा भराभर संपते.

परतताना इन्स्ट्रक्टर आंग्रे बँकेबद्दल बोलत होता. किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात बुडालेलं प्रवाळाचं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं, वीस-बावीस मीटर पाण्याखाली. तिथे सहज जाता येत नाही, रात्रभराचा बोटीचा प्रवास, हवामान, परवानग्या. त्याच्या डोळ्यांत जी चमक होती त्यावरून भावाने तिथल्या तिथे ओपन वॉटर करायचं ठरवलं. दोनशे मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं हे त्याला करून दाखवावं लागेल. जिम इथे कामाची नाही.

अकराला शेवटचा डायव्ह संपला, घड्याळात बघून वेळ लिहून ठेवली. का ते पुढे.

मंगळवार, दशमी

आज डायव्ह नाही हे आधीपासून ठरलेलं. डायव्ह करताना दाबाखाली रक्तात नायट्रोजन विरघळलेला असतो, तो हळूहळू निघून जायला वेळ लागतो. एकापेक्षा जास्त डायव्ह केले असतील तर विमानात बसायच्या आधी किमान अठरा तास जाऊ द्यायचे. चिपीला विमानतळ झाल्यापासून (२०२१) लोक सकाळी डायव्ह करून दुपारच्या विमानाला पळतात, ते करू नका. आणि जे कुणी सांगत नाही ते म्हणजे आपल्या घाटावरच्या लोकांना घाटही त्यातच आला. समुद्रसपाटीवरून निघून दोन तासांत सहाशे मीटर वर चढलात तर शरीराला ते कळतं. फोंडा, आंबोली, गगनबावडा, कुठूनही जा, शेवटच्या डायव्हनंतर मधे एक रात्र काढाच.

तर आजचा दिवस किल्ला, बाजार आणि खाणं. होडीने सिंधुदुर्गात गेलो. तटावर उभं राहून परवा आम्ही जिथे होतो ती जागा शोधली, ओहोटीची वेळ असल्यामुळे खडकांचे माथे उघडे पडलेले, वरून सगळं स्पष्ट दिसत होतं. दूधबाव, साखरबाव, दहीबाव तिन्ही विहिरी बघितल्या, चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत गोडं. शिवराजेश्वराचं दर्शन घेतलं. परत आल्यावर दांडीच्या किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा, किल्ल्याचं भूमिपूजन झालं तो. तिथून जवळच रापण ओढत होते, दोन्ही टोकांना माणसं, आम्हीपण दोरीला हात लावला. दहा मिनिटांत तळहात सोलवटले. तारली, थोडे बांगडे, बरेच काटेरी काहीतरी. एकजण म्हणाला पूर्वी याच्या चौपट यायचं, आता पर्ससीनवाले (थव्याभोवती मोठं जाळं आवळणारे) नि एलईडीवाले (दिवे लावून मासे गोळा करणारे) बाहेरच उचलतात.

बाजारातून खाजे, आमसुलं, कोकम आगळ, कुळथाचं पीठ.

बुधवार

काकींनी घावणे दिले, आठला निघालो. काकांनी हिशोब केला, पुढच्या वेळेला पावसाळ्यात येणार म्हणालात तर बोटी बंद असतात जून ते ऑगस्ट, नारळी पौर्णिमेनंतर हळूहळू सुरू, पण ऑक्टोबरातपण पाणी गढूळच, डिसेंबर-जानेवारी खरे.

फोंडा घाट चढताना मागच्या सीटवर फट् असा आवाज आला. भाऊ दचकला. खाज्याचं सीलबंद पाकीट फुगून उशी झालेलं आणि शिवणीतून सुटलेलं. मालवणात भरलेली हवा, वर दाब कमी. भाऊ पाकिटाकडे बघून म्हणाला, ताई, म्हणून काल थांबलो होय आपण. त्याला मी ते आदल्या दिवशी तीनदा सांगितलं होतं, पण असो. फुटलंच आहे म्हणून राधानगरीपर्यंत सगळे खाजे संपवले, घरी न्यायला आमसुलं तेवढी उरली.